दोन रविवारांचा पुलाव

मळवली
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

यशो,

जयभीम. आजीचा आशीर्वाद, आईचं 'स्वेटर घालत जा', आणि माझं जे काही आहे ते खाली.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचून सोडून देतेस. निळी खूण दिसली की पोरगी ठीक आहे एवढं कळतं, बाकी काही नाही. आईशी मात्र रोज अर्धा तास चालतं. परवा मी तिच्या हातातून फोन घेऊन 'हॅलो' म्हणालो, तर 'पप्पा, रेंज नाहीये' म्हणून तू ठेवून दिलास. बंगळूरच्या हॉस्टेलला रेंज नाही आणि मळवलीला डोंगराच्या कुशीत आहे, बरं. म्हणून आता पत्र. पत्राला निळी खूण नसते. तू वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही, तेव्हा तुझी सोय आहे आणि माझीही.

त्या गुरुवारी काय झालं ते तुला माधवी मॅडमने सांगितलंच असेल, पण माझ्या बाजूनेही ऐक. बाई तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडून आली होती, पुण्याहून लोकलने, स्टेशनपासून चालत. घर बघायचं आणि पालकांची सही घ्यायची, एवढंच तिचं काम. आईने चहा केला. आजी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मुलीने इंग्रजीत जे लिहिलंय ते मी मराठीत वाचून दाखवते, मग खाली 'हे खरे आहे' म्हणून सही करा.

पहिलं वाक्य होतं, 'मी एका गरीब कुटुंबात जन्मले.' मी हसलो. इंग्रजीत काय लिहिलंय, असं विचारलं तर म्हणाल्या, 'पुअर'. म्हटलं, पुढे वाचा. आणि पुढे आलं, 'माझे वडील एका बंगल्याची राखण करतात. रविवारी पाहुणे गेले की त्यांचं उरलेलं अन्न आमच्या घरी येई. ते खाऊन मी वाढले.'

आजीचा हात सुपात थांबला.

मी म्हणालो, हे खोटं आहे, मी सही करणार नाही. मॅडमने पेनाला टोपण लावलं. चांगली मुलगी आहे, वाद घातला नाही. नोव्हेंबरच्या तीस तारखेपर्यंत कागद पुण्याला आला नाही तर दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती थांबेल, एवढं सांगून कागद ठेवून गेली.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी जे बोललो ते मला आठवतं. 'घराची गरिबी विकून शिकतेस का' असं बोललो. तू फोन ठेवलास. तू उलट बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

कागद बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलाय. सकाळी अगरबत्ती लावताना त्याची पांढरी कड दिसते.

पप्पा


मळवली
सोमवार, १० नोव्हेंबर

यशो,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी आशा नव्हती, पण पोस्टमन दोनदा दारावरून गेला तेव्हा मी उगाच झाडू घेऊन बाहेर उभा होतो.

आईकडून कळलं की पप्पांना 'पुअर' शब्दाचा राग आलाय असं तुला वाटतं. नाही गं. त्या शब्दाची आणि माझी फार जुनी ओळख आहे.

दहावीला सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरावर सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'व्हेरी पुअर'. डिक्शनरीत बघितलं, पहिलाच अर्थ गरीब. मी घरी येऊन तुझ्या आजीला सांगितलं, सरांनी पेपरावर लिहिलंय की आपण लय गरीब आहोत. दुसऱ्या दिवशी आजी भात झोडायचं काम सोडून शाळेत. वर्गाच्या दारात उभी राहून विचारते, "गुर्जी, पेपर इंग्रजीचा व्हता का आमच्या घराचा?" सरांना कळेना, पोरं हसून हसून आडवी. मग सरांनी मला फळ्यापाशी नेऊन समजावलं की बाबा, हा शब्द गरिबाला लावतात तसा खराब कामालाही लावतात. मला तेव्हा ते पटलं नाही. एका जातीच्या दोन गोष्टींना एक शब्द असतो, हे ठीक. पण माझ्या स्पेलिंगचा आणि आजीच्या चुलीचा काय संबंध?

पुढे सव्वीस वर्षं बंगल्यावर हा शब्द ऐकतोय. पार्टी आली की पहिल्या पाच मिनिटांत 'पुअर नेटवर्क'. लोहगडावर जाऊन धुकं बघून परत आले की 'पुअर व्हिजिबिलिटी', जसं काही धुकं मीच सोडलं. नेटवर कोणी तरी आपल्या बंगल्याबद्दल लिहिलंय, 'केअरटेकर चांगला, गरम पाणी पुअर.' म्हणजे मी गुड आणि बंब पुअर, हे मला चालतं. लंगड्या मोतीला बघून बायका 'पुअर थिंग' म्हणतात आणि बिस्किट देतात. मोतीने त्या शब्दावर चांगलं वजन वाढवलंय.

बंगल्याच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या आई, मोठ्या बाई, तुला आठवतात ना? व्हरांड्यात बसून एकदा विसापूरकडे बघत म्हणाल्या, माझ्या पुअर नवऱ्याला ही जागा फार आवडायची. मी बावळटासारखं विचारलं, मोठे साहेब आधी गरीब होते का? त्या हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, राजेंद्र, आपलं माणूस गेलं किंवा त्याच्या मनाविरुद्ध काही झालं की असं म्हणतात, त्यात माया असते.

आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे. तुझ्या आईकडे माझं स्थळ नेलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं, "पोरगा लय गरीब हाय." स्वभावाने, असं त्याला म्हणायचं होतं. तुझी आई म्हणते, स्वभावाचं तेवढं खोटं निघालं.

तेव्हा पुअर लिहिलंस त्याचा राग नाही. पत्र्याचं घर होतं, तू रॉकेलच्या दिव्याखाली पाढे म्हटलेस, शाळेचे बूट दोन वर्षं पुरावेत म्हणून एक नंबर मोठे घेतले आणि पुढे कापूस भरला. लिही, सगळं लिही. मी त्याच्याखाली सही करतो. त्या एका वाक्याखाली करता येत नाही.

थंडी पडलीय. भाताची कापणी झाली, या वर्षी इंद्रायणी तांदळाला वास चांगला आहे.

पप्पा


मळवली
रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

यशो,

पार्टी आत्ताच गेली. बारा माणसं, दोन गाड्या. व्हरांड्यात बसून लिहितोय. माझ्यासमोर टेबलावर अर्धा केक आहे, बिर्याणीचं पातेलं तळाला चार बोटं भरलेलं आहे, एक अख्खी कोंबडी भाजलेली तशीच. थोड्या वेळाने मी हे सगळं मागच्या चिकूखालच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढेन. तुला माहीतच आहे. लहानपणी तूच फावडं घेऊन यायचीस. तो चिकू मळवलीत सगळ्यात गोड का आहे, याचं गुपित आपल्या दोघांत आहे.

पलीकडच्या बंगल्यावरचा हौशीराम आत्ता दोन बादल्या भरून घरी गेला. एक घरच्यांसाठी, एक म्हशीसाठी. जाता जाता कुंपणावरून मला म्हणतो, "राजाभाऊ, अन्न मातीत घालता, पाप लागंल." मी म्हटलं, माझं मी बघून घेईन. वीस वर्षं हा संवाद असाच होतो. तो मनाचा चांगला माणूस आहे. त्याला उरलेलं नेताना काही वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. त्याच्या आजीच्या पदरात ते कोणी लांबून टाकलं नव्हतं.

आजीची गोष्ट तू लहानपणी ऐकली आहेस, तरी आज परत लिहितो. छप्पन साली ती दहा वर्षांची होती. संध्याकाळी आईबरोबर गावात भाकरी मागायला जायची. दारापासून लांब उभं राहायचं, हाक मारायची, आतून जे शिळंपाकं येईल ते टोपलीत झेलायचं. धर्म बदलला तेव्हा वस्तीने ठरवलं की आजपासून हे बंद. आजीच्या आईने त्या संध्याकाळी ती टोपली चुलीत घातली. आजी सांगते, "टोपली बांबूची, फटफट वाजत जळली. आमी पोरं रडत व्हतो. आई म्हनली, रडा, पन आता उपाशी निजलो तरी आपल्या घरात निजू." नंतर कितीतरी दिवस नाचणीची आंबील आणि रानातली भाजी. पण गावातली भाकरी परत आली नाही.

मी बंगल्यावर कामाला लागलो त्या दिवशी आजीने एकच अट घातली, पगार घरी आण, पण लोकांच्या ताटातलं काही आणू नकोस. घरात एक घासही आला नाही, असं मी तिला आजपर्यंत सांगत आलोय. आता एकोणऐंशीव्या वर्षी तिला परक्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं की तिची नात ते खाऊन वाढली.

मॅडम आल्या त्या गुरुवारपासून ती माझ्याशी त्या विषयावर बोललेली नाही. मी म्हटलं, अगं पोरीने इंग्रजीत शोभावं म्हणून लिहिलं असेल. ती म्हणाली, "आसंल." आणि सूप घेऊन आत गेली.

तू मॅडमला एवढंच कळव की ते वाक्य चुकून आलं. म्हणजे मी लगेच सही करतो. एक वाक्य काढलं म्हणून कोणी शिष्यवृत्ती बंद करत नाही.

बिर्याणीवर माशा बसायला लागल्या. उठतो.

पप्पा


मळवली
गुरुवार, २० नोव्हेंबर

यशो,

काल आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "यशोने निरोप दिलाय. पप्पांना विचार म्हणे, पुढचं वाक्य वाचलं का." मग ती भांडी घासायला गेली आणि नळ मोठा सोडला.

वाचलंय. मॅडमनी वाचून दाखवण्याआधीच मी त्यांना थांबवलं होतं, पण त्या गेल्यावर कागद घेऊन बंगल्यावर गेलो, व्हरांड्यात मोठ्या बाईंची जुनी डिक्शनरी आहे, ती मांडीवर घेतली आणि एकेक शब्द लावला. दीड तास लागला. तू लिहिलंयस, 'माय पुअर फादर म्हणायचे की हे मीच केलंय. मला कळलं होतं. मला कळलंय हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.'

त्यातला पुअर कुठला, ते मी विचारत नाही.

आता मी सांगतो. तू तिसरीत होतीस. आईला टायफॉइड झाला, तळेगावच्या दवाखान्यात बारा दिवस होती आणि आजी तिच्याजवळ. घरी तू आणि मी. तुला वाटत असेल की घरात काही नव्हतं म्हणून मी ते आणलं. तसं नव्हतं. अर्धं पोतं तांदूळ होता, डाळ होती, गॅसही होता. मी रोज खिचडी करायचो. ती एक तर करपायची नाही तर पेज व्हायची. तू एक घास खाऊन 'आई कधी येणार' विचारायचीस आणि ताट सरकवायचीस. तीन दिवस तू नुसतं दूध आणि पाव यांवर होतीस. शाळेतून बाईंचा निरोप आला की पोर प्रार्थनेला चक्कर येऊन बसली.

त्या रविवारी बंगल्यावर पुलाव होता. काजू घातलेला, तुपाचा. मी खड्ड्यापर्यंत पातेलं नेलं होतं. वास आला आणि मला तुझं तोंड दिसलं. मी चौफेर बघितलं, हौशीराम कुठे दिसतोय का ते. मग तुझ्या शाळेच्या डब्यात भरला. मनाशी म्हटलं, पातेल्यातला आहे, ताटातला नाही, हे उष्टं नव्हे. घरी येऊन म्हणालो, बघ, आज बंगल्यावर खास तुझ्यासाठी मी पुलाव केलाय. तू सगळा डबा संपवलास आणि बोटं चाटलीस. मी मोरीत जाऊन रडलो, तेही आज सांगून टाकतो. आनंदाने रडलो की लाजेने, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी परत आणला. त्यात चोखून टाकलेली लिंबाची फोड निघाली. तुला ती दिसली. तू माझ्याकडे बघितलंस, मी पाणी ओतत होतो म्हणून तुला वाटलं माझं लक्ष नाही. तू ती फोड हळूच उचलून डब्याच्या झाकणाखाली सरकवलीस आणि जेवत राहिलीस. आठ-नऊ वर्षांची होतीस. मी बघितलं होतं गं. तू मला सांभाळत होतीस आणि मी तुला सांभाळू देत होतो.

नंतर दर वाढदिवसाला तू म्हणायचीस, पप्पा तसा पुलाव करा. मी म्हणायचो, आई छान करते. मला वाटायचं हिला कळलेलं नाही. आज वाटतं, तू मला खरं सांगायची संधी देत होतीस.

तू खोटं लिहिलं नाहीस. 'खाऊन वाढले' हे जरा जास्त झालं, दोनच रविवार होते. पण खोटं बोललो तो मी, मॅडमसमोर आणि त्याआधी तेरा वर्षं आजीसमोर. वर तुला फोनवर ते बोललो. यशो, मला माफ कर.

आता एकच राहिलंय. सही करायची तर आधी आजीला सांगायला हवं. तिच्या पाठीमागे सही केली तर परत एकदा चोरून डबा आणल्यासारखं होईल. मला भीती वाटते. एकावन्न वर्षांचा बाप्या आहे, तरी वाटते.

पप्पा


मळवली
बुधवार, २६ नोव्हेंबर

यशो,

सांगितलं.

रविवारी दुपारी, बंगल्यावरून आल्यावर. ती ओट्यावर उन्हाला पाय सोडून बसली होती. मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, दोन्ही रविवार, लिंबाची फोड, तुझं पुढचं वाक्य. ती उठून आत गेली. त्या दिवशी तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. सोमवारीही नाही. आई मध्ये पडायला गेली तर तिलाही 'गप बस' म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं.

मंगळवारी सकाळी मी अंघोळीचं पाणी तापवत होतो. ती चुलीजवळ येऊन बसली. जाळ पुढे सारला आणि विचारलं, "पोट भरून जेवली व्हती का पोर?"

मी म्हटलं, दोन्ही वेळा.

"मागनं चक्कर आली न्हाई ना साळंत?"

नाही.

तिने फुंकणी उचलून जाळ फुंकला. मग म्हणाली, "माज्या आईनं टोपली जाळली. त्येच्या आधी रोज तीच टोपली घिऊन ती आमच्यासाठी दारोदार हिंडायची. मी टोपली जाळल्याचंच सांगत आले सगळ्यांस्नी. हिंडल्याचं कुनी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई." फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "ती बी माझी आईच व्हती की."

तिने पदराने तोंड पुसलं, म्हणाली धूर झालाय. धूर नव्हता.

मग म्हणाली, "आन तो कागद."

फोटोमागून काढला. मी माझी सही केली. 'हे खरे आहे' याच्यापुढे मला लिहायचं होतं, 'फक्त दोन रविवार'. तिने पेन धरलं. "किती येळा त्ये नगं लिवू. येकदा आनलं काय न् धा येळा आनलं काय, पोरगी जेवली." खाली साक्षीदाराची ओळ रिकामी होती. ती तिने मागितली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही, तुला माहीत आहे तिला किती वेळ लागतो. 'भागुबाई' लिहायला चहा निवून गेला. तो निवलेला चहा तिने तसाच प्यायला, माझ्या हातचा.

कालच, सही झाल्यावर, लोकलने पुण्याला जाऊन कागद माधवी मॅडमच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, पोस्टाने पाठवला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला तुम्हाला सांगायचं होतं की मुलगी खरं बोलली होती. तेवढं सांगितलं आणि परत आलो. तुझ्यासाठी झेरॉक्स सोबत आहे. आजीची सही जरा ओळीबाहेर गेलीय.

आता तू फोन उचल किंवा उचलू नकोस, तुझी मर्जी. मी रागावणार नाही. पण डिसेंबरात सुट्टी लागेल तेव्हा घरी ये. नवीन इंद्रायणी भरडून आणलाय, पाच किलोचा डबा तुझ्या नावाने बाजूला ठेवलाय. आईकडून मी पुलाव शिकतोय. आतापर्यंत दोनदा केला. पहिला करपला, तो मोतीने खाल्ला. दुसरा आजीने खाल्ला आणि म्हणाली, मीठ कमी हाय पन खाल्ला जातोय.

तू येशील त्या दिवशी मी करेन, घरी, आपल्या पातेल्यात, तू समोर बसून बघ. काजू घालीन. फसला तर तोंडावर सांग की पप्पा, व्हेरी पुअर. पण या वेळी मीच केलेला असेल.

तुझा
पप्पा